मास्तरांशिवाय मास्तरीण: सोलापूरचे पंधरा दिवस

सोलापूरला जायचं ठरलं ते एका पत्रामुळे. व्यंकय्या नावाच्या एका तेलुगू विणकर गृहस्थांनी कुणाकडून तरी लिहून घेऊन कळवलं होतं, 'सुनेला मराठी लिहायवाचायला शिकवायचे आहे. पुण्यात एक मास्तरीण आहेत असे समजले. पंधरा दिवस पाहू. जमले तर संक्रांतीनंतर दोन महिने ठेवू.'

मी मराठी सातवीची फायनल पास आहे आणि घरी मुलींच्या शिकवण्या घेते. पण आमचे हे शाळेत मास्तर, त्यामुळे आळीत मला मास्तरीण म्हणतात ते त्यांच्या जिवावर. ओळी मी गिरवून घ्यायच्या आणि नाव ह्यांचं. माझं म्हणून आलेलं हे पहिलंच बोलावणं होतं. ते हातचं घालवायचं नाही असं मी मनाशी पक्कं केलं. ह्यांनीही मोडता घातला नाही. "जा की. मी पिठलं-भात करून खाईन," म्हणाले. पिठल्यात गुठळ्या होतात त्यांच्या, पण ते असो.

जाणार असाल तर थंडीत जा आणि सकाळची गाडी धरा. दौंड सोडलं की धूळ सुरू होते, तेव्हा डोक्याला फडकं आणि पाण्याचा तांब्या हाताशी हवाच. केम स्टेशनात एक बाई खिडकीशी भाजक्या शेंगा विकत होती. त्या घ्याव्यात, सोलापूरपर्यंत तोंड चालू राहतं. बायकांच्या डब्यात माझ्यासमोर अक्कलकोटकडच्या एक बाई होत्या. मी शिकवते म्हटल्यावर म्हणाल्या, "आमच्यात शिकवणाऱ्याला मेष्ट्रु म्हंतात." मास्तरांचं कानडीत असं होतं तर. बाई शिकवत असेल तरी मेष्ट्रुच का, असं मी विचारलं.

"बाई कुटं असती मेष्ट्रु?" त्यांनी मलाच विचारलं आणि माझ्या शेंगा खायला लागल्या.

सोलापूरला व्यंकय्या स्वतः उतरवून घ्यायला आले होते. पिकल्या मिशा, डोक्याला रुमाल, हात कोपरापर्यंत रंगानं निळे. मला नमस्कार करून ते माझ्या मागे डब्याकडे पाहत राहिले. शेवटी म्हणाले, "मास्तर कुटं हायेत?"

"मास्तर पुण्यात आहेत."

"मंग उद्याच्या गाडीनं येत्यात का?"

तेव्हा उलगडा झाला. मास्तरीण म्हणजे मास्तरांची बायको, असा त्यांनी सरळ अर्थ घेतला होता. मास्तर शिकवतील आणि सुनेपाशी परका पुरुष नको म्हणून शेजारी त्यांची बायको बसेल, अशी सोय त्यांनी मनात लावली होती. घरात मास्तरांसाठी खुर्चीसुद्धा मागून आणली होती. मी सांगितलं, "शिकवणारी मीच. मास्तरांची बायकोही मीच, पण ती पुण्याला ठेवून आलेय."

ते हसले नाहीत. टांग्याला चार आणे ठरले. मला तर रडूच कोसळणार होतं. आल्या पावली मी परत गेले असते तर आळीला चघळायला महिनाभर पुरलं असतं. दाराशी पोहोचल्यावर ते एवढंच म्हणाले, "पंदरा दिवस म्हटलंय, तर पंदरा दिवस. पन सून पत्र वाचाया लागली पायजे."

सोलापुरात पहाटे गिरणीचा भोंगा उठवतो. मग पेठेत घरोघरी हातमाग सुरू होतात, ते दिवेलागणीपर्यंत. गटारातून कधी लाल पाणी जातं, कधी हिरवं. पाच वर्षांची पोरं कांड्या भरतात आणि म्हाताऱ्या माणसांचे हात काठ विणताना पापणी लवायच्या आत फिरतात. मी तासन्‌तास बघत बसे. एवढं कसब अंगात असून ही माणसं स्वतःला अडाणी म्हणतात, याचा मला राग यायचा. जेवायला ज्वारीची कडक भाकरी, शेंगांची चटणी आणि चिंचेचं असं तिखट सार की पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. चौथ्या दिवशी मी तेच मागून घेतलं.

सून राजम्मा विशीतली, हुशार. बाराखडी तिला येत होती, पण जोडाक्षर दिसलं की तिला घाम फुटे. तिचा नवरा लुगडी विकायला मंगळवेढा, पंढरपूरकडे फिरे. मराठी शाळेत गेलेला, म्हणून पत्रं मराठीत लिही. ती पत्रं गल्लीतला एक कारकून ओसरीवर बसून मोठ्यानं वाचून दाखवी. 'तुझी आठवण येते' असं त्यानं एकदा लिहिलं, तर आठवडाभर नळावर बायका राजम्माला तेच ऐकवत होत्या. "तवापास्नं त्यानी तसलं लिवायचंच सोडलं," ती मला म्हणाली. तिला शिकायचं होतं ते एवढ्यासाठी. सासऱ्यांना तिनं पत्रातल्या हिशेबाचं कारण सांगितलं होतं.

मी पाटी बाजूला ठेवली आणि मागाच्या भाषेत शिकवलं. 'ताणा' आला, 'बाणा' आला, मग 'रेशमी', मग 'स्वस्त', 'पुष्कळ'. ताण्याचा उभा धागा आणि बाण्याचा आडवा धागा एकमेकांत जातात तशी जोडाक्षरं, म्हटल्यावर तिच्या डोक्यात चक्क उजेड पडला. व्यंकय्या मागावरून ऐकत. आमच्याकडे पूर्वी शिकवणाऱ्याला पंतोजी म्हणत, पंत हा शब्द पंडितवरून आला म्हणतात, असं मी एकदा सांगितलं तेव्हा शिकवणीत ते पहिल्यांदा बोलले, "आमचा पंतुलु त्योच की." पलीकडचे रंगारी चाचा म्हणाले, "हमारे में उस्ताद बोलते." गल्लीभर शब्दच शब्द होते आणि सगळे पुरुषांचे.

बाराव्या दिवशी मंगळवेढ्याहून पाकीट आलं. कारकून सवयीनं ओसरीवर येऊन बसला. राजम्मानं पाकीट त्याच्या हातात दिलं नाही, स्वतः फोडलं. माग थांबले. ती वाचायला लागली, अडखळत, बोट ओळीवर ठेवून. प्रकृती बरी आहे. दोन लुगडी राहिली आहेत. हुरडा उत्तम मिळतो. 'उत्तम'शी ती थबकली, मी सांगायचा मोह आवरला, आणि तिनं तो शब्द सोडवला. मग ती एकाएकी थांबली. पुढच्या ओळी तिनं मनातल्या मनात वाचल्या, कानापर्यंत लाल झाली आणि कागदाची घडी घालून कनवटीला खोवली.

"फुडं काय हाय?" सासऱ्यांनी विचारलं.

"फुडचं माजं हाय," ती म्हणाली.

कारकून उठून गेला. इतके दिवस माझ्याशी चकार शब्द न बोललेल्या राजम्माच्या सासूबाई, नरसम्मा, आतून आल्या, मला हाताला धरून मास्तरांसाठी आणलेल्या खुर्चीवर बसवलं आणि तेलुगूत काहीतरी बोलल्या. त्यातला 'पंतुलम्मा' हा एकच शब्द मला कळला. व्यंकय्यांनी अर्थ सांगितला, "शिकवनारी बाई. घरात पंतुलु नसला तरी पंतुलम्मा असती, म्हंती." मग मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "संक्रांतीनंतर या. एकट्याच या."

मी परत आले त्याला आठवडा झाला. काल दुपारी पोस्टमन आला. पाकिटावर वाकडं पण स्वच्छ अक्षर, जोडाक्षरं जागच्या जागी. हे दारात उभे होते. पोस्टमन म्हणाला, "पत्ता इथलाच आहे मास्तर, पण पंतुलम्मा कोण?"

ह्यांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "त्या आत आहेत. मी त्यांचा नवरा."