तीन शब्दांचा बोर्ड

टेंपोच्या ब्रेकचा एक आवाज फार वर्षांपूर्वी रानातून ऐकला. चौफुल्याच्या रस्त्यावरचा पूल खचला होता. टेंपो माझा पोरगा दत्तू चालवत होता. तो गेला. पुलाआधी बोर्ड होता म्हणे. मी तो कधी पाहिला नाही.

आता शिरूरबाहेरच्या एका शेडवर वॉचमन आहे. तिथं रस्त्यावरचे लाइटचे बोर्ड बनतात. सांगायला कुणी नसलं की किस्से जास्त साठतात. ऐकायला आप्पा पेंटर तेवढा. पूर्वी आसपासचे सगळे बोर्ड तोच रंगवायचा, आता शेडात खांब रंगवतो. दुपारचा चहा आम्ही वाटून घेतो. कप त्याला, बशी मला.

डिझाइनवाल्या मॅडम मला जीपमध्ये बसवून बोर्डासमोरून नेतात. मी चौथी पास, वाचायला हळू.

"आबा, काय वाचलं?"

"पुढे."

"आणि?"

"आन् मग बोर्डच मागं गेला, मॅडम."

त्या हसल्या नाहीत. "आबांना जमेल तोच बोर्ड रस्त्यावर," म्हणाल्या. तेव्हापासून तीनच शब्द.

एकदा सरकती अक्षरं लावली. उसाचा ट्रॅक्टर भर रस्त्यात उभा, मागं गाड्यांची रांग.

"का रं थांबलास?"

"शेवट काय हाय ते तरी कळू द्या की, आबा."

दौंडकडचा पहिला बोर्ड असा उजळला, की संध्याकाळी निमोण्याचं वऱ्हाड त्याच्याखालीच उतरलं. "नवरदेव कुठं हाय?" एका आजीनं विचारलं.

आप्पा म्हणाला, "खांबावर अक्षता टाका आन् व्हा पुढं."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी उजेड कमी केला.

रविवारी शेडवर मी एकटाच. टेस्टिंगचा बोर्ड लावून बसलो, 'पुढे सावकाश जा'. एक मोटारसायकलवाला थांबला.

"आबा, रस्ता तर सरळ हाय. कुणासाठी लावलाय?"

"लागंल कुणाला तरी."

तो खरंच सावकाश गेला. दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिलो.

परवा मॅडमनी भंगारातून एक जुना पत्रा आणला. बोर्ड कसा नसावा, ते शेडातल्या पोरांना दाखवायला.

"वाचा, आबा."

मी बोट लावून वाचलं. 'चौफुला मार्गावरील पूल खचल्यामुळे सर्व वाहनचालकांनी कृपया वाहने थांबवून डावीकडील कच्च्या रस्त्याने जावे.'

"हे वाचून होईस्तोवर माणूस ओढ्यात," एक पोरगं म्हणालं. सगळे हसले.

पेंटर कोपऱ्यात आपलं नाव घालतात. तेही मी वाचलं, मनात. 'आप्पा पेंटर'.

आप्पा मागं उभा होता. चहाची वेळ झालेली. मी बशीत माझा चहा ओतून घेतला आणि कप त्याच्यापुढं धरला.

"घे आप्पा. निवतोय."

त्यानं पत्र्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. हातातला ब्रश खाली ठेवला आणि फाटकाकडं चालू लागला.