खंडेनवमीचा पाना

त्या वर्षी देवाशी माझं बोलणं नव्हतं. आई दवाखान्यात असताना कुणाकुणाला साकडं घातलं होतं, आणि तरी ती गेलीच. तेव्हापासून देवघरापुढून जाताना मी मान वळवायचो. बायको रोज दिवा लावायची. खोटं कशाला सांगू, तेही मला टोचायचं.

खंडेनवमीला मात्र गाडीची पूजा चुकत नसे. निपाणीकडची सवय, आणि इथं कानडी मुलखात, बनशंकरीत तर त्या दिवशी सगळी गल्लीच गाड्या धुऊन, केळीचे खुंट बांधून बसलेली असते. मोटारसायकल मी स्वतः धुतो, स्वतः तपासतो. त्या बाबतीत मला भारी घमेंड. सकाळी पाइपानं पाणी मारलं, पुढच्या ब्रेकचा पॅड वाकून बाहेरून पाहिला. भरपूर शिल्लक होता. दुसऱ्या दिवशी नऊ वर्षांच्या लेकीला पाठीमागं बसवून नंदीच्या डोंगरावर न्यायचं कबूल केलं होतं. आजी गेल्यापासून पोरीला कुठं नेलंच नव्हतं.

पूजा झाली. बायकोनं चाकांखाली लिंबं ठेवली. गाडी सुरू न करता, नुसती ढकलून ती चिरडायची ही आमच्या घरची रीत. मी ढकललं तर पुढचं चाक अडलं. लिंबू तसंच. पुन्हा ढकललं, तरी तेच. बायकोचा चेहरा उतरला. लिंबू फुटलं नाही म्हणजे बरं लक्षण नव्हे, उद्या जाऊ नका, म्हणाली. माझं डोकंच फिरलं. "चल की गं बाई, तूपण माझ्यावर रुसलीस काय," असं गाडीलाच म्हणालो आणि इंजिन सुरू करायला गेलो.

"तम्मा, स्वल्प थांब," भाऊ, जरा थांब, असं मागून कुणीतरी कानडी-मराठी मिसळून म्हणालं. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे म्हातारे मिस्त्री होते, हातात प्रसादाचं ताट घेऊन. सहा वर्षं त्यांच्या दारावरून जात होतो, पण त्यांच्याही घरी मराठी बोलतात हे मला माहीत नव्हतं. त्यांनी गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मला मागून दाबून धरायला लावली आणि पुढचं चाक वर उचललं गेलं तसं ते हातानं फिरवलं. ते अर्धा फेराही न घेता थांबलं. "गाडी नको म्हणतेय, तर का म्हणतेय ते बघावं की," एवढंच म्हणाले.

खरी अडचण पुढंच होती. खंडेनवमीला हत्यारं पूजेत असतात. त्या दिवशी कुणी मिस्त्री पान्याला हात लावत नाही. त्यांचेही पाने गॅरेजात देवीपुढं, हळदकुंकू लावून, झेंडूखाली ठेवलेले. मी म्हणालो, परवा बघू. त्यांनी विचारलं, उद्या कुठं जाणार? मी लेकीचं आणि डोंगराचं सांगितलं. ते गॅरेजात जाऊन देवीपुढं हात जोडून उभे राहिले. "आई, लेकराचं काम आहे, रागावू नको," म्हणाले, आणि फुलं बाजूला सारून पाना उचलला.

ब्रेक उघडल्यावर मी वाकून आत पाहिलं. बाहेरचा पॅड चांगला जाड, आणि आतला, जो बाहेरून बघून कळतच नाही, पार झिजून लोखंडी पट्टीला आलेला. ब्रेक ज्या दोन पिनांवर सरकतो त्या गंजून घट्ट बसल्या होत्या, म्हणून एकटा आतलाच पॅड घासत राहिला होता. दरवर्षी पूजेला मी हौसेनं पाणी मारत आलो, पिनांना ग्रीस मात्र एकदाही दिलं नाही. त्यांनी पिना साफ करून ग्रीस लावलं, दोन्ही पॅड बदलले, आणि आज गल्लीतच हळूहळू ब्रेक दाबत फिरव, नवे पॅड नीट बसू देत, असं बजावलं. मजुरी विचारली, तर म्हणाले, "आजच्या दिवशी मी काम करत नसतो."

लिंबं मग एका ढकलण्यात फुटली.

त्या संध्याकाळी आठ महिन्यांनी मी देवघरापुढं बसलो. आईला का नेलंस, हे विचारायला बसलो होतो, पण रडूच आलं. त्याचं उत्तर मिळालं नाही, अजूनही नाही. मला दिसतं तेवढंच मी सांभाळू शकतो आणि बाकीचं दुसरं कुणी सांभाळतंय, हे मानायला मला तो झिजलेला पॅड लागला. तो आता देवघरात आहे. बायको त्याच्यावरही फूल वाहते. आणि दर खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी मिस्त्रींकडे जाऊन ब्रेक उघडून बघतो, आतला पॅड आधी.

त्या वर्षी दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगरावर गेलो. उतरताना प्रत्येक वळणावर पोरीचं हेल्मेट माझ्या पाठीला टेकायचं, आणि तितक्या वेळा मी मनातल्या मनात देवीला नमस्कार केला. हात मात्र ब्रेकवरच होते.