कानामागच्या तीन बटा

वडील गेल्यावर आमचं घर आईच्या मजुरीवर चालायचं. चाळिशीतच तिचे केस पांढरे झाले आणि द्राक्षबागेचा मुकादम म्हणाला, "यंदा म्हातारी माणसं नकोत." माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. आईचं काम गेलं असतं तर तेही सुटलं असतं.

आठवडे बाजारात बांगड्या आणि केसांचा रंग विकणारी एक बाई बसायची. माणसाच्या तोंडाआधी ती भांग बघायची. मला ती आगाऊच वाटे. विकायला आणलेला प्रत्येक रंग ती आधी स्वतःच्या केसांना लावायची, त्यामुळे तिच्या कानामागं तीन तऱ्हेच्या तीन बटा असत.

आईनं मुकादमाचं बोलणं तिला सांगितलं आणि भारीतली बाटली उचलली, तशी तिनं ती हातातून काढूनच घेतली.

"ही नगं, ताई. माझी ही बट बघ, आठ दिवसांत तांबडी झाली. तू उन्हात काम करनार. ही पुडी ने, मुळापासून धरती."

"समदं काळं व्हईल ना, मावशी?"

"समदं कशाला? कानापाशी चार केस पांढरं राहू दे. डांबर फासल्यागत केलंस तर मुकादमाला लगेच कळंल. त्यो बी माझ्याकडूनच नेतोय!"

आई लई दिवसांनी हसली.

सोमवारी मुकादमानं तिच्याकडं एकदा निरखून पाहिलं आणि कात्री हातात दिली. हंगामभर ती बागेत राहिली. मी बी.ए. झालो, आमच्या घरातला पहिला.