माळावर वाचलेली नियमावली

कंपनी म्हणजे कायद्याच्या नजरेत एक माणूसच असतो, हे मी बी.कॉम.ला असताना घोकून पाठ केलं होतं आणि परीक्षा संपल्याबरोबर विसरले होते. मग लग्न झालं, लोहारा तालुक्यातल्या एका खेड्यात आले, आणि शेजाऱ्यांचे पीकविम्याचे फॉर्म भरण्यापलीकडं त्या डिग्रीला कधी काम मिळालं नाही. पुढं आम्ही दहा जणींनी शेळीपालनाची उत्पादक कंपनी काढायचं ठरवलं. शिकलेली म्हणून कागद माझ्याच गळ्यात पडले, आणि ते जुनं वाक्य पुन्हा समोर आलं.

या वेळी ते वाचताना माझ्या अंगावर खरंच काटा आला. आम्ही दहा बायका मिळून एक माणूस जन्माला घालणार होतो. त्याला स्वतःचं नाव असणार, पत्ता असणार, पॅन कार्ड असणार, कोर्टात उभं राहायचा अधिकार असणार. आणि आम्ही दहाही जणी एकामागून एक गेलो तरी तो मरणार नाही. आमच्या घरांमधल्या कितीतरी बायकांचं नाव रेशनकार्डाशिवाय कुठल्या कागदावर नव्हतं, आणि त्यांच्या हातून हे होणार होतं. मी दोन दिवस ज्याला त्याला हेच सांगत सुटले होते. नवरा म्हणाला, आधी भाकरी टाक, मग माणूस जन्माला घाल.

कागदांनी मात्र माझा जीव काढला. एकीच्या आधारवर माहेरचं आडनाव, पॅनवर सासरचं. दुसरीचं वय आधारप्रमाणं तिच्या थोरल्या लेकापेक्षा नऊच वर्षांनी जास्त. कंपनीच्या पत्त्यासाठी लाईट बिल हवं, तर ज्या खोलीत ऑफिस थाटायचं तिचं बिल वारलेल्या चुलतसासऱ्यांच्या नावावर. मी मुळातच तापट. त्या दिवसांत घरातली भांडीसुद्धा मला बिचकून असत. शेवटी धाराशिवच्या सीएंनी कळवलं, की कंपनीचं नाव मंजूर झालंय, आता वीस दिवसांच्या आत बाकीचे कागद दाखल करायचे. नाहीतर नाव सुटतं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

दहापैकी नऊ जणींना सही येत होती. दहाव्या माझ्या सासूबाई. त्यांनी शाळेचं तोंड पाहिलेलं नाही, पण शेळीतलं त्यांच्याइतकं कळणारं माणूस आमच्या पंचक्रोशीत नाही. जिल्ह्याचं नाव बदलून धाराशिव झालं, तरी आमची काळी शेळी अजून उस्मानाबादीच म्हणवते, आणि तशी अस्सल शेळी सासूबाई लांबून नुसत्या चालीवरून ओळखतात. शिवाय कायद्याला दहा माणसं लागतात, नऊ चालत नाहीत. त्यांचा अंगठा हवाच होता.

मसुदा छापून आला, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाईचा पॅड घेऊन त्यांच्यापुढं बसले. शेळ्या सोडायची वेळ झाली होती, म्हणून मीही घाईत होते. शेवटचं पान उलगडलं आणि बोट दाखवून म्हटलं, आत्या, इथं. त्यांनी हात पदराखाली घेतला आणि वाचून दाखव म्हणाल्या. मी म्हटलं, पन्नासेक पानं आहेत, सगळं इंग्रजी आहे, बाकी आठ जणींनी न वाचताच सह्या केल्यात, वेळ कुठं आहे? त्यांचं उत्तर एकच, मराठीत सांग. मी आवाज चढवला. माझ्यावर विश्वास नाही का, असंही बोलून गेले.

त्या रागावल्या नाहीत. दावणीची गाठ सोडता सोडता म्हणाल्या, "तुज्यावर हाय गं. पर लोहाऱ्याला आसाच एका कागदावर अंगठा दिला व्हता. भावानं लुगडं घेतलं, भजी खाऊ घातली. कागद कुणी वाचला न्हाय. घरी आल्यावर कळलं, बापाच्या रानातलं माजं नाव गेलं."

आमच्याकडं त्याला हक्कसोड म्हणतात. बहिणीनं भावासाठी वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडायचा आणि लुगडं घेऊन हसत माघारी यायचं, ही रीतच आहे. न सोडणारी बहीण वाईट ठरते. सासूबाई अजूनही पंचमीला त्याच भावाकडं जातात, त्याच्या नातवंडांना गोड बोलतात. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांनी मला सांगितली नव्हती. मी तशीच पॅड हातात धरून बसले, आणि त्या शेळ्या घेऊन गेल्यासुद्धा.

मी सीएंना फोन लावला, तो खरं तर तक्रार करायला. ते हसून म्हणाले, तुमच्या सासूबाईंचं बरोबर आहे. ज्याला लिहिता येत नाही, त्याचा अंगठा घेताना त्याला सगळा मजकूर वाचून दाखवायचा, असा नियमच आहे. फक्त तो कुणी पाळत नाही. फोन ठेवला आणि मी थक्क झाले. दिल्लीत कुठंतरी बसून, कंपन्यांचा एवढा मोठा कायदा लिहिताना, कुणीतरी मध्येच थांबून अंगठा देणाऱ्या माणसाचा विचार केला होता. आणि ज्या बाईला हा नियम ठाऊक असायचं कारणच नव्हतं, ती तोच नियम बोलून गेली होती.

सासूबाई दिवसा घरात बसत नाहीत. म्हणून दुसऱ्या दिवशी फाईल पिशवीत घालून मीच त्यांच्यामागं माळावर गेले. फाल्गुनातलं ऊन होतं, बाभळीच्या शेंगा गळत होत्या. शेळ्या एका जागी थांबत नाहीत, त्यामुळं कंपनीची नियमावली मी चालत चालत वाचली. शेळ्यांनी एकही पान खाल्लं नाही, हे आधीच सांगते, नाहीतर ऐकणारे तेवढ्याचीच वाट बघत बसतात.

इंग्रजीतलं एकेक वाक्य पाच-पाच ओळींचं. मी ते मनात फोडायची आणि मराठीत सांगायची. सासूबाईंची पाठ माझ्याकडं, नजर शेळ्यांवर. मला वाटायचं, ऐकतच नाहीत. पण मी एखादं वाक्य अवघड म्हणून गाळलं की लगेच विचारायच्या, मधलं काय खाल्लंस? कंपनी मरत नाही हे मी सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, मग तिला सांभाळणारं माणूस चांगलं पाहिजे, आणि पुढं चालू लागल्या. मला जे दोन दिवस झोपू देत नव्हतं ते त्यांनी एका वाक्यात आवरलं.

फक्त मतदानाच्या कलमाला त्या थांबल्या. आपल्या कंपनीत प्रत्येक सभासदाला एकच मत, शेळ्या आणि शेअर कितीही असोत.

"जिच्या चाळीस शेळ्या तिलाबी एक, आन जिच्या दोन तिलाबी एकच?"

"हो, आत्या."

"ह्ये कुणी लिवलं?"

मी म्हटलं, सरकारनं. त्यांना ते पटलं नाही. म्हणाल्या, सरकार न्हाय, कोण तर येक चांगलं माणूस आसंल. आणि कपाळावर हात धरून लांब गेलेल्या शेळ्या न्याहाळू लागल्या. त्या कलमाकडं मी परीक्षेच्या दोन मार्कांपलीकडं कधी पाहिलं नव्हतं. त्या उन्हात मला ते पहिल्यांदा दिसलं, आणि माझे डोळे भरून आले. उगाच लपवत नाही.

सगळं एका दिवसात झालं नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी सभासदत्वाचं कलम आलं. मी वाचलं, की कंपनीच्या कार्यक्षेत्रात ज्याच्या स्वतःच्या नावावर शेतजमीन आहे, असाच उत्पादक सभासद होऊ शकेल. आणि मी पुढच्या कलमाकडं वळले.

"थांब. ह्ये परत वाच."

मी परत वाचलं. त्यांनी काठी बाभळीला टेकवली आणि पहिल्यांदाच पूर्ण माझ्याकडं वळल्या.

"पहिल्या दिवशी तू वाचलीस, शेळ्या पाळणाऱ्या बायांची कंपनी. आज म्हणतीस, रान नावावर पाहिजे. आपल्या दहा जणीत सातबारा कुणाच्या नावावर हाय?"

मी एकेक जण डोळ्यांपुढं आणली. कुणाची जमीन नवऱ्याच्या नावावर, कुणाची सासऱ्याच्या, कुणाची दिराच्या. दोघींच्या घरी जमीनच नाही. माझ्याही नावावर काही नव्हतं.

"कुणाच्याच नाही."

"मंग ह्या कंपनीत आमी कुठं हाव?"

मी तिथंच खडकावर बसले. तो मसुदा मी घरी चार वेळा वाचला होता. नावांची अक्षरं तपासली होती, पिनकोड तपासला होता, एका ठिकाणी राहिलेला स्वल्पविराम शोधून सीएंना ऐकवलाही होता. आणि हे वाक्य चारही वेळा माझ्या नजरेखालून गेलं होतं. जमीन आपल्या नावावर नसते हे मला इतकं अंगवळणी पडलं होतं, की ती असायला हवी अशी अट दिसली तेव्हा ती आपल्याबद्दल आहे हेच डोक्यात शिरलं नाही. सासूबाईंना एकदा ऐकून कळलं. आम्ही दहा जणी जन्माला घालत होतो त्या माणसानं डोळे उघडल्याबरोबर आम्हालाच दारातून बाहेर काढलं असतं. मला त्यांची भीती वाटावी इतका आदर वाटला.

मी माळावरूनच सीएंना फोन केला. त्यांनी मसुदा उघडून ते कलम पाहिलं. मग कबूल केलं, की दुसऱ्या एका सोयाबीनवाल्या कंपनीचा मसुदा समोर ठेवून हा केला होता, तेवढं कलम तसंच राहून गेलं. त्यांनी मनापासून माफी मागितली. त्या जागी जमिनीचा उल्लेख काढून, शेळ्या पाळणारी व्यक्ती, एवढं घातलं. शेळ्या पाळत असल्याचे दाखले ग्रामसेवकांकडून आम्ही आधीच घेतले होते. नव्यानं छापलेले कागद एसटीनं आले, तेव्हा मुदतीचे चार दिवस उरले होते. आम्ही नऊ जणींनी पुन्हा सह्या केल्या. या वेळी बाकीच्या आठींपैकी प्रत्येकीनं आधी काय लिहिलंय ते विचारलं, आणि मला आठ वेळा सांगावं लागलं. मी चिडले नाही.

कागद वेळेत गेले. काही दिवसांनी प्रमाणपत्र माझ्या मोबाईलवर आलं, कंपनीच्या नावाचं, नंबरासकट. बायकांनी ते बघून पेढे वाटले. पण माझं मन अजून जातं ते सासूबाईंनी अंगठा दिला त्या सकाळकडं.

बदललेलं कलम त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मग अंगठा पॅडवर दाबला आणि मी दाखवलेल्या जागी नीट, घाई न करता उमटवला. त्याच्या शेजारी मला माझ्या हातानं एक वाक्य लिहायचं होतं आणि खाली सही करायची होती. मी लिहायला लागले आणि 'समजावून' या शब्दाशी अडखळले.

"काय लिवतीस? वाच," त्या म्हणाल्या.

मी वाचलं, "हा सगळा मजकूर मी यांना वाचून दाखवला आणि समजावून सांगितला."

त्यांनी शाईचा अंगठा पदराच्या टोकाला पुसला. माझ्याकडं बघून हसल्या.

"आसू दे. एवढं खोटं चालतंय."

मी सही केली.