येनातली आयरिश बाई आणि मैत्रीचं ‘जाते’

रविवारी उशिरापर्यंत झोपणं हा माझा मूलभूत हक्क आहे. पण इथे जर्मनीतच येनाला एका आयरिश बाईंचं प्रदर्शन लागलंय, त्या कविता करतात, चित्रं काढतात, शिवाय सिनेमेही बनवतात, असं बायकोने, म्हणजे प्रज्ञाने सांगितलं. एक धड जमत नसलं की माणूस तीन कामं धरतो, असं मी म्हटलं. तिने डबा भरायला घेतला.

आमच्यासारखे रेगेन्सबर्गहून निघालात तर न्यूर्नबर्गला गाडी बदला. पुढे सायकलवाल्यांची झुंबड असते, आधी जागा पकडा. मेथीचे पराठे सोबत असू द्या. येनाला भाजलेलं सॉसेज झकास मिळतं, पण पाव त्याच्या अर्ध्यालाच पुरतो.

आमची आठ वर्षांची लेक मैत्री वाटभर जर्मनमध्ये बडबडत होती. मराठी तिला कळतं, बोलत मात्र नाही. नागपूरला माझ्या आईशी फोनवर ‘जयभीम आजी’ म्हणते आणि तिथे तिचं मराठी संपतं. हल्ली आई तिला फोनवर बोलवायला सांगतच नाही. मला ते फार लागतं.

पहिल्या दालनात बाईंच्या तरुणपणीच्या इंग्रजी कविता. सगळ्यांत धुकं. दुसऱ्यात चित्रं: आधी करडी, मग आणखी करडी. आमच्या कारखान्यात गाडीला असा रंग लागला तर अख्खी खेप परत येईल. शेजारचे एक आजोबा मान डोलवत “गेनाऊ, गेनाऊ” म्हणत होते. काय बरोबर होतं, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटी उतारवयातला सिनेमा. बाक कडक आहे, उशी न्या. जुन्या टेपवर बाईंची आई आयरिशमध्ये काहीबाही विचारते आणि छोटी मुलगी इंग्रजीत उत्तरं देते. मग रिकाम्या स्वयंपाकघरात बसलेल्या म्हाताऱ्या बाई त्याच प्रश्नांना आयरिशमध्ये उत्तरं देतात. आई गेल्यावर भाषा शिकल्या म्हणे. मी जांभई द्यायच्या बेतात होतो, ती राहिलीच.

परतीच्या गाडीत मैत्रीने जर्मनमध्येच विचारलं, आई होती तेव्हा ती का नाही बोलली?

“चुकेन म्हणून लाजली असेल,” प्रज्ञा म्हणाली.

सोमवारी सकाळी मैत्रीने आपणहून फोन मागितला.

“जयभीम आजी. काल गाडीत बसली. पराठा खाल्ला. आता शाळेत जाते.”

“जाते नाही म्हणत बेटा. येते म्हणावं.”

“आबर... पण मी तर जाते!”

आई हसत सुटली. “परत येशील ना? मग येते.”

“येते,” मैत्री म्हणाली आणि दप्तर घेऊन पळाली.

चित्रं माझ्या मते अजूनही टुकारच आहेत. सिनेमासाठी जा.

मंगळवारी आईचा फोन आला. मी जयभीम म्हणेपर्यंतही ती थांबली नाही.

“मैत्रीला दे,” म्हणाली.