कोंबड्यांच्या आधी

साताऱ्यात सुनेनं गच्चीवर कोंबड्या पाळल्यात. मोबाईलवर बघून ती त्यांच्यासाठी बरणीत ज्वारी आंबवते. आज तिनं झाकण काढलं, आंबूस वास आला आणि मी वडूजच्या आमच्या परसात जाऊन उभी राहिले.

तिथं सासूबाई मडक्यात ज्वारी आंबवायच्या. मूठभर आधी कोंबड्यांना घालायच्या, त्यांनी टिपली की मगच उरलेली वाटून घरात आंबील व्हायची. नव्या नवरीला मला ते खूळ वाटायचं.

त्या साली ज्वारी पावसात भिजून काळी पडली होती. सकाळी कोंबड्या धावत आल्या, दाण्यांवर वाकल्या आणि एकेक करून मागं सरल्या. 

"ह्या मडक्यातली आंबील कुणी पिली गं?" सासूबाईंनी हळूच विचारलं.

"मामांनी. घाईत हुतं, म्हणून मी कोंबड्यांच्या आधीच करून दिली. पिऊन रानात गेलं."

सासूबाई अनवाणी पळाल्या. सासरे बांधावर आडवे झाले होते, ते पुन्हा उठले नाहीत.

"आई, यातल्याच ज्वारीची धिरडी आज मी ह्यांना डब्यात दिली," सून सांगतेय आणि मूठभर दाणे टाकतेय.

 कोंबड्यांनी पहिला दाणा टिपायची मी वाट बघतेय.