टिपणिसांच्या घरची चौकशी

त्र्यंबक टिपणीस बी.ए. झाला त्याच सुमारास मुंबईत प्लेग शिरला आणि बघता बघता ठाण्यालाही येऊन पोचला. नौपाड्याच्या टोकाला, भातखाचरांना लागून त्याचं लहानसं कौलारू घर होतं. घरात तो, आई गोदाबाई आणि बायको सुमती. एका खाजगी शाळेत तो इंग्रजी शिकवत असे. पोरं हुशार होती, पण पगार वेळेवर मिळण्याची खात्री नव्हती.

माणूस सरळ, पण संशयी. त्याला कारणही होतं. वडील गेल्यावर चुलत्याने गोड बोलून कल्याणचं घर आपल्या नावावर करून घेतलं, तेव्हा त्र्यंबक दहा-बारा वर्षांचा होता. तेव्हापासून कोणी गोड बोललं की तो सावध होई. गवळ्याने कधी माप भरून दूध घातलं, तर उद्या हा काय मागणार, असा विचार त्याच्या मनात येई.

त्या दिवसांत मात्र त्याच्यासारखे सगळेच झाले होते. कोणाच्या घरी ताप आहे याची खबर दिली की डॉक्टर, शिपाई येऊन माणसाला उचलून नेत, सामान अंगणात जाळत, कौलं काढून टाकत. खबर कोण देतो, हे कधीच कळत नसे. शेजारी शेजाऱ्याकडे हळद मागायला जाईनासा झाला.

अशात कल्याणहून मधू सुळे आला. तो त्र्यंबकचा कॉलेजातला सोबती. ओट्यावर बसल्या बसल्या त्याने वर्तमानपत्राची एक घडी काढून पुढे केली. मुंबईच्या कोट भागातल्या एका मोठ्या बँकेला पदवीधर उमेदवार हवे होते.

"मी अर्ज करतोय," मधू म्हणाला. "तूही कर."

"जागा किती?"

"एक असेल, फार तर दोन."

"मग मला कशाला सांगतोस?"

मधू हसला. "अरे, तुला नाही सांगायचं तर कोणाला?"

मधू गेल्यावर त्र्यंबक बराच वेळ येरझाऱ्या घालत राहिला. एका जागेसाठी माणूस दुसऱ्याला बोलावून आणतो, यात काहीतरी असलं पाहिजे. बँकेच्या हेडक्लार्कचा कोणीतरी भाचा आधीच ठरला असेल आणि मधूला ते माहीत असेल. नाहीतर त्र्यंबकपेक्षा आपण उजवे दिसू, एवढाच त्याचा हेतू असेल. तरीही त्याने अर्ज केला. अक्षर चांगलं यावं म्हणून तीनदा लिहून काढला.

बोलावणं दोघांनाही आलं. बँकेच्या वरच्या मजल्यावर, बाहेरच्या बाकावर पागोटी घालून आलेले बरेच तरुण बसले होते. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. प्रत्येकजण आत जाणाऱ्याकडे आणि बाहेर येणाऱ्याकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाहत होता. मधू आधी आत गेला. बाहेर आला तो हसत. त्र्यंबकला खांद्याला हात लावून म्हणाला, "घाबरू नकोस, साहेब बरा आहे." त्र्यंबक आणखीच घाबरला.

आत एक गोरा साहेब होता आणि त्याच्या बाजूला चष्मा लावलेला वयस्क हेडक्लार्क. घरी कोण कोण, पत्ता काय, हे हेडक्लार्कने विचारून घेतलं. मग साहेब म्हणाला, "समजा, वरच्या अधिकाऱ्याची सही असलेला कागद तुमच्याकडे आला. सही ओळखीची आहे. त्यावर रक्कम द्यायची आहे. पण तुमच्या मनात काहीतरी खटकतंय. काय कराल?"

"रक्कम थांबवीन. अधिकाऱ्याला जाऊन विचारीन."

"तो रागावला तर?"

"रागावू दे."

साहेबाने त्याच्याकडे रोखून पाहिलं. "तुम्ही सगळ्यांवरच संशय घेता का, मिस्टर टिपणीस?"

काय उत्तर दिलं तर साहेबाला आवडेल, याचा त्र्यंबकला अंदाज येईना. शेवटी खरं तेच तो बोलला. "घेतो, सर."

साहेबाने मान हलवली आणि त्याला जायला सांगितलं. जिना उतरताना त्र्यंबकची खात्री झाली, की हा प्रश्न त्याच्यासाठीच ठेवला होता आणि त्याच्या स्वभावाबद्दल साहेबाला कोणीतरी आधीच सांगितलं होतं.

थोड्याच दिवसांत गोदाबाईंना ताप आला. दरसाल थंडीच्या सुरुवातीला येणारा हिवताप तो, सगळ्यांना ठाऊक असलेला. पण त्या साली ताप म्हटलं की पुढचं कोणी ऐकून घेत नसे. सुमतीने त्यांना मागच्या खोलीत निजवलं आणि खिडकीला घोंगडी लावली. गोदाबाई थंडीने कुडकुडत, पण कण्हणं बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून पदराचा बोळा तोंडात धरत.

त्र्यंबक शाळेत गेलेला असताना एका दुपारी काळा कोट घातलेला, हातात छत्री घेतलेला अनोळखी माणूस अंगणात येऊन उभा राहिला. ओट्यावर मीठवाली रंगूबाई टोपली टेकून बसली होती. तिच्याकडून सुमती मीठ घेत होती.

"टिपणीस इथंच राहतात ना?" माणसाने विचारलं.

सुमतीच्या हातातलं माप तसंच राहिलं. "आपण कोण?"

"मी मुंबईहून आलोय. सहज चौकशी. घरात कोण कोण असतं?"

मुंबईहून आलेला, काळा कोट, आणि घरात कोण असतं हे विचारतोय. सुमतीने दार अर्धं ओढून घेतलं. "इथं टिपणीस नाहीत. ते महाडला गेले. महिना झाला."

"आणि त्यांच्या मातुःश्री?"

"त्या इथं कधी नव्हत्याच. मी घर राखायला राहिलेय."

नेमका त्याच वेळी आतून दबका खोकला आला. माणसाची नजर दाराकडे गेली. रंगूबाईने टोपली जोरात ओढली, मुद्दाम खोकली आणि म्हणाली, "काय विचारतंस रं बाबा? ते कवाच गेलं. आमी रोज येताव ना इथं."

माणूस क्षणभर उभा राहिला. मग छत्री बगलेत मारून आला तसा निघून गेला. सुमती दाराशीच खाली बसली. रात्रीपर्यंत शिपाई येतील, असं तिला वाटत होतं. आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही आले नाहीत.

"त्र्यंबकाला यातलं काही सांगू नकोस," गोदाबाई अंथरुणातून म्हणाल्या. "कोणी चुगली केली म्हणून तो आळीतल्या एकेकाचं नाव घेत बसेल. त्याला झोप लागायची नाही." सुमतीलाही ते पटलं. ताप उतरला आणि गोदाबाई हिंडूफिरू लागल्या, तेव्हा तो विषय घरातून गेलाच.

मग बँकेचं पत्र आलं. अर्जदार ठाणे सोडून महाडला गेला असून त्याने दिलेली कौटुंबिक माहिती खोटी असल्याचं चौकशीत आढळलं, सबब अर्ज रद्द.

महाड हा शब्द वाचून त्र्यंबकचा चेहरा बदलला. प्लेग वाढला तर आईला घेऊन महाडला मावशीकडे जाऊ, हे तो घराबाहेर एकाच माणसाजवळ बोलला होता. मधूजवळ.

त्याच दिवशी तो कल्याणला गेला. स्टेशनवर उतारूंची रांग लावून डॉक्टर प्लेगची गाठ आहे का म्हणून काखा चाचपत होता. आपली पाळी येईपर्यंत त्र्यंबक मनात वाक्यं जुळवत राहिला. मधूच्या घरी पोचला, तर मधूची आई त्याच्या हातावर पेढा ठेवू लागली. मधूला जागा मिळाली होती.

त्र्यंबकने पेढा घेतला नाही. "म्हणून मला बोलावलंस तर अर्ज करायला," तो मधूला म्हणाला. "सोबत हरणारा एकजण हवा होता. आणि मी हरत नाही असं दिसल्यावर त्यांना महाडचं सांगितलंस."

"काय महाडचं?"

"नाटक करू नकोस."

मधूला काहीच कळेना. तो आईकडे बघत म्हणाला, "त्र्यंबक, तू आज घरी जा. शांत झालास की ये."

"आता मी येत नाही," त्र्यंबक म्हणाला आणि पायऱ्या उतरला.

घरी येऊन त्याने सगळं बोलून दाखवलं. सुमती भाकरी थापत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली.

"अहो, मधूभावजींनी नाही सांगितलं," ती म्हणाली. "महाडचं मी सांगितलं."

सगळी हकिकत तिने एका दमात सांगितली. त्र्यंबक ऐकत राहिला. मग विचारलं, "मला का नाही सांगितलं?"

उत्तर गोदाबाईंनी दिलं. "तुझ्याच भीतीने, बाळा."

तो माणूस बँकेचा होता हे आता उघड होतं. पण बँकेला काय कळवणार? आजार लपवला हे लिहून देणं म्हणजे स्वतःहून शिपायाला बोलावणं. त्र्यंबक पत्र लिहायला बसे आणि उठे. शेवटी सुमतीनेच सांगितलं, "त्या माणसाला पुन्हा पाठवा म्हणावं. खोटं मी बोलले. खरंही मीच सांगते."

त्र्यंबकने बँकेला तेवढंच लिहिलं. बँक लक्ष देईल असं त्याला वाटत नव्हतं. पण तो माणूस आला. तोच कोट, तीच छत्री. या वेळी त्याने नाव सांगितलं, हरिहर जयवंत, राहणार गिरगाव. गोदाबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. सुमतीने त्याला पाणी दिलं आणि दाराआड न होता समोर उभी राहून म्हणाली, "त्या दिवशी मी आपल्याशी खोटं बोलले. या माझ्या सासूबाई. यांना ताप होता. हिवताप."

"मला खोकला ऐकू आला होता, बाई," हरिहर म्हणाला.

त्र्यंबक पुढे झाला. "ऐकू आला होता, तर घरात कोणी नाही असं का लिहिलंत?"

हरिहरने पाणी पिऊन भांडं खाली ठेवलं. "घरात आजारी माणूस आहे असं लिहिलं असतं, तर तो कागद कोणाकोणाच्या हातून गेला असता? आमच्या भावाला आम्ही माळ्यावर ठेवलं होतं. कोणीतरी कळवलं. त्याला नेलं, ते नेलंच." तो गोदाबाईंकडे पाहत होता. "बाईंनी जे सांगितलं तेच मी लिहिलं. तुमची नोकरी जाणार हे मला दिसत होतं. पण दुसरं काही सुचलं नाही."

गोदाबाईंनी डोळ्याला पदर लावला. त्र्यंबकला मात्र पहिला विचार आला तो हाच, की हा गोड बोलून आपल्याकडून आजाराचा कबुलीजबाब काढून घेतोय. हरिहर गेल्यावरही चार दिवस रस्त्यावर बुटांचा आवाज आला की तो उठून खिडकीशी जाई.

शिपाई आलेच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडाशी बँकेचं दुसरं पत्र आलं. एक जागा रिकामी झाली होती आणि ती त्याला दिली होती. पत्ता व कुटुंब यांबाबत समाधान झाले, एवढंच त्यात आजवरच्या प्रकाराबद्दल होतं.

रुजू होण्याआधी तो कल्याणला जाऊन आला. मधूने त्याला आत घेतलं, बसवलं. त्र्यंबकने जे घडलं ते सांगितलं आणि माफी मागितली.

"झालं ते झालं," मधू म्हणाला. "पण एक सांगू? अर्ज कर म्हणालो, त्या दिवशीच तू माझ्याकडे कसा बघत होतास, ते मला दिसलं होतं. मी मनावर घेतलं नाही. घ्यायला हवं होतं."

पुढे कितीतरी वर्षं दोघं एकाच दालनात काम करत होते. मधू त्याच्याशी नीट बोले, अडलेलं काम समजावून देई, सणाला गाठ पडली की गोदाबाईंची चौकशी करी. पण नौपाड्याच्या ओट्यावर तो पुन्हा कधी बसला नाही. त्र्यंबकने दोनतीनदा बोलावलं, दर वेळी काहीतरी अडचण निघाली. ती अडचण खरी आहे की नाही, हे तपासायचं त्र्यंबकने टाळलं. त्याच्या स्वभावाला ते जड गेलं.

मधूची बदली कराचीच्या शाखेत झाली, तेव्हा त्र्यंबक बंदरावर गेला. बोटीवर सामान चढत होतं. भोंगा झाल्यावर मधू म्हणाला, "सुमतीवहिनींना माझा नमस्कार सांग," आणि शिडीकडे वळला.